धृतराष्ट्राची पंधरा वर्षे
(वृद्धांच्या छळाविषयी एक अभ्यासपाठ)

महाभारताच्या अठरा पर्वांपैकी पंधरावे ते आश्रमवासिक पर्व होय. युद्धपर्वांच्या मानाने हे पर्व लहान आहे, आणि पुराण सांगणारेही बहुधा ते लवकर आटोपते घेतात. लढाई संपली, राज्य मिळाले, अश्वमेधही झाला. आता ऐकण्यासारखे काय उरले, अशी श्रोत्यांची समजूत असते. परंतु वृद्ध मनुष्य भरल्या घरात कसा राहतो आणि त्यास कसे ठेवले जाते, याचा इतका बारकाईने केलेला विचार आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळला. म्हणून या वेळच्या पाठासाठी आम्ही हेच पर्व घेतले आहे. आमचे वय उपदेश करण्याचे नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. वाचकांनी हा उपदेश न समजता आपल्याबरोबर बसून केलेला अभ्यास समजावा, ही विनंती.

१. कथा

युद्धानंतर धृतराष्ट्र आणि गांधारी हस्तिनापुरातच राहिली. युधिष्ठिराने त्यांस काही कमी पडू दिले नाही. राज्यकारभारात वृद्ध राजाचा सल्ला घ्यावा, पूर्वीसारखेच उंची बिछाने आणि वस्त्रे त्यास मिळावीत, पूर्वीसारखेच आचारी त्याच्या सेवेस असावेत, मृत पुत्रांच्या श्राद्धास तो जे दान देईल त्यास कोणी आडकाठी करू नये, असा त्याचा कटाक्ष होता. विदुर आणि संजय धृतराष्ट्राजवळ असत. कुंती आणि द्रौपदी गांधारीची सेवा करीत. बाहेरून पाहणारास या घरात बोट ठेवण्यास जागा दिसली नसती.

तरीही दोष होता. भीमाच्या मनातून द्यूताचा दिवस गेलेला नव्हता. वरकरणी तो वडील भावाची मर्जी राखी. आतून मात्र धृतराष्ट्राच्या सांगण्याविरुद्ध सेवकांकरवी गोष्टी करवी. एकदा मित्रमंडळीत बसला असता, धृतराष्ट्र व गांधारी यांच्या कानांवर जाईल अशा बेताने त्याने दंड थोपटले, आणि याच बाहूंनी आंधळ्याचे पुत्र मारले गेले, असे फुशारकीने बोलून दाखविले. धृतराष्ट्राने ते ऐकले. पंधरा वर्षे अशी गेल्यावर त्याचे मन त्या घरातून उठले. युधिष्ठिरास हे ठाऊक नव्हते. अर्जुन, कुंती, द्रौपदी यांसही ठाऊक नव्हते.

याच्या पुढील भाग अधिक मनन करण्यासारखा आहे. वनात जाण्याची अनुज्ञा मागताना धृतराष्ट्राने सांगितले की, आपण बरेच दिवस जेवणाच्या वेळा चुकवून अगदी थोडे खात होतो आणि जमिनीवर निजत होतो. एका गांधारीखेरीज हे कोणास माहीत नव्हते. ते ऐकून युधिष्ठिराने स्वतःचा धिक्कार केला. ज्या घरात आचाऱ्यांची वाण नव्हती, त्या घरात एक वृद्ध अर्धपोटी निजत होता आणि घरच्या कर्त्या पुरुषास त्याचा पत्ता नव्हता.

२. छळ कशास म्हणावे

छळ म्हटला की मारझोड आणि घराबाहेर काढणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते, आणि आपल्या घरात तसे काही नाही म्हणून आपण निश्चिंत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने केलेली व्याख्या याहून व्यापक आहे. ज्या नात्यात विश्वासाची अपेक्षा असते, त्या नात्यातील माणसाच्या एखाद्या कृत्याने, किंवा करावयास हवे होते ते न केल्याने, वृद्धास इजा अथवा दुःख होणे, हा छळ होय. मग ते एकदा घडो वा पुनःपुन्हा घडो. भीमाने धृतराष्ट्राच्या अंगास हात लावला नव्हता. तरीही या व्याख्येप्रमाणे तो छळच ठरतो.

घरोघर चालणाऱ्या गोष्टी या दृष्टीने पाहिल्या म्हणजे त्यांचे प्रकार सहज ध्यानात येतात. पहिला प्रकार शब्दांचा: उठताबसता घालूनपाडून बोलणे, पाहुण्यांसमोर पाणउतारा करणे, एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की हिडीसफिडीस करणे. दुसरा उपेक्षेचा: जेवण वाढावयाचे पण दात नसलेल्या माणसास चावता येईल असे वाढावयाचे नाही, चष्म्याची काच फुटली तर ती तशीच राहू द्यावयाची, औषध संपले तर ‘पुढल्या महिन्यात पाहू’ म्हणावयाचे. तिसरा पैशाचा: पेन्शनचे कार्ड काढून घेणे, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेणे, दागिने ‘सांभाळण्यासाठी’ म्हणून घेऊन परत न देणे. चौथा कोंडून ठेवण्याचा: बाहेर जाताना दारास कुलूप लावणे, टेलिफोनवर कोणाशी बोलू न देणे, देवळात किंवा बहिणीकडे जाण्यास मनाई करणे. पाचवा अंगावर हात टाकण्याचा, आणि सहावा टाकून देण्याचा. शेवटचे दोन जगास दिसतात. पहिले चार बहुधा बाहेर कळत नाहीत, आणि आपल्यासारख्या अब्रूदार कुटुंबांत आढळतात तेही हेच.

३. ‘त्यांनी तरी आमचे काय भले केले?’

येथे एक आक्षेप येतो, आणि तो बाजूस सारून चालणार नाही. धृतराष्ट्र तरी कोठे निर्दोष होता? लाक्षागृहाचा बेत त्याच्याच कारकीर्दीत झाला; द्रौपदीची विटंबना त्याच्याच सभेत झाली. भीमाचा राग निराधार नव्हता. आपल्या घरांतही हेच ऐकू येते. तरुणपणी ज्या सासूने सुनेस दोन घास सुखाने खाऊ दिले नाहीत, ती आता त्याच सुनेच्या हाताकडे पाहते. ज्या बापाने मुलास पट्ट्याने मारले, त्यास आता तोच मुलगा हात धरून न्हाणीघरात नेतो. मनात जुने सल असताना सेवा करणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ज्यांनी ती केली नाही त्यांनी तिच्यावर प्रवचन करू नये.

पण एवढे तरी ध्यानात घ्यावे की भीमाने जे सोसले तेच युधिष्ठिरानेही सोसले होते. झालेले त्याने नाकारले नाही. तरी जो आता उलट उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याकडून जुन्या हिशेबाची वसुली करणे त्याने योग्य मानले नाही. जुने दुःख समर्थ माणसापुढे मांडावे, मध्यस्थ घालून मांडावे, प्रसंगी वेगळे बिऱ्हाडही करावे. मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या ताटातून किंवा औषधातून त्याची वसुली होऊ नये.

४. शहर आणि खेडे

हा रोग शहरांचा आहे, खेड्यांत अजून जुनी माणुसकी टिकून आहे, असे आपण शहरवासी मोठ्या भाबडेपणाने बोलतो. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांची संख्या देशात सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि त्यांपैकी शेकडा ७१ खेड्यांत राहत होते. वृद्धांचा प्रश्न आधी खेड्यांचा आहे, हे त्यावरून उघड होते.

खेड्यात शेत मुलांच्या नावे चढले की बाप त्याच शेताच्या बांधावर पाहुणा होतो. काही ठिकाणी जमिनीबरोबर आईबापांचीही वाटणी होते: आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे, चाळीस वर्षांचा संसार एकाच गावात दोन चुलींवर जेवू लागतो. कोठे महिन्यांची पाळी लावतात, आणि एकतीस दिवसांच्या महिन्यावरून भावाभावांत बोलाचाली होते. मुले कामधंद्यास परगावी गेलेली असतात. मोतीबिंदू साधा असतो, पण तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यास माणूस नसते, म्हणून डोळा जातो. विधवा स्त्रीची स्थिती याहून कठीण. जन्मभर शेतात राबूनही कागदावर तिचे नाव बहुधा नसते, म्हणून म्हातारपणी तिच्या शब्दास वजन नसते.

शहरात अडचण निराळी आहे. घर लहान, दोघेही नोकरीस जाणारी, शेजारी दार लावून बसणारे. नातवंडे सांभाळण्यास आजी हवी असते. नातीच्या लग्नाची बोलणी करताना मात्र तिला विचारण्याचे कारण पडत नाही. देवळाच्या पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे आम्ही एक गोष्ट लहानपणापासून पाहत आलो आहो. दुपारी गाभारा बंद होतो, तरी सभामंडपात काही वृद्ध बसलेलेच असतात. विचारले तर येथे गार वाटते असे सांगतात. काहींस खरेच गार वाटत असेल. काहींस संध्याकाळपूर्वी घरी आलेले चालत नाही, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

हे दुःख सहसा बोलले जात नाही. आपल्या देशात २०१७-१८ साली वृद्धांची मोठी सरकारी पाहणी झाली. तीत साठ वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे पाच जणांनी, मागील वर्षात आपणांस वाईट वागणूक मिळाली, असे सांगितले. जगभरातील अभ्यासांवरून जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सहांपैकी एकाचा आहे, आणि चोवीस प्रकरणांपैकी एकच कोठे तरी नोंदले जाते असेही ती म्हणते. आमच्या मते या दोन आकड्यांमधील अंतराचा मोठा भाग आपल्या आईबापांच्या मौनाने व्यापलेला आहे. मुलाची बदनामी होऊ नये म्हणून ते बोलत नाहीत. बोललो तर उद्या भाकरी कोण देईल, या भीतीनेही बोलत नाहीत. धृतराष्ट्रानेही पंधरा वर्षे तोंड उघडले नव्हते.

५. ज्यांस घरच नाही

ज्यांस कुटुंबच उरलेले नाही, अशा वृद्धांचा भार समाजावर असतो. या बाबतीत आपल्या इंदूर शहरास विसरता न येणारा एक दिवस आहे. २९ जानेवारी २०२१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, रस्त्याकडेस राहणाऱ्या निराधार वृद्धांस महानगरपालिकेच्या गाडीत घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरविण्यात आले. ज्यांस नीट उभेही राहता येत नव्हते अशी माणसे त्यांत होती. तेथील ग्रामस्थांनी आक्षेप घेतला, चित्रे टिपली, आणि अखेर त्यांस पुन्हा गाडीत बसवून शहरात आणावे लागले. एका उपायुक्तास निलंबित करण्यात आले. दोन दिवसांनी तिळी चतुर्थीस जिल्हाधिकाऱ्यांनी खजराना गणपतीपुढे घडल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली.

स्वच्छतेबद्दल नावाजलेल्या शहराने माणसेही केरात धरावीत, याची खंत आपल्या सर्वांस वाटली. पण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते क्षिप्राच्या लोकांचे वागणे. ती माणसे त्यांच्या गावची नव्हती, नात्याची नव्हती. त्यांनी एवढेच केले की पाहिले आणि हटकले. वृद्धांच्या रक्षणाची सुरुवात बहुतेक वेळा इतक्या साध्या कृतीने होते.

६. कायदा काय सांगतो

आईबापांचा सांभाळ हा आपल्याकडे धर्म मानला गेला, आणि स्वातंत्र्यानंतर तो कायदाही झाला. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याने वृद्ध अथवा दुर्बल आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा व मुलगी या दोघांवर ठेवली. विवाहित मुलीवरही पित्याच्या पोषणाची जबाबदारी येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली एका निराळ्या कायद्याखाली सांगितले.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यासंबंधीचा २००७ चा कायदा मात्र प्रत्येक सभासद कुटुंबास माहीत असावा. त्यातील मुख्य गोष्टी अशा:

साठ वर्षे पूर्ण झालेला जो नागरिक स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह करू शकत नाही, त्यास मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्याकडून निर्वाह मागता येतो. आईबाप साठ वर्षांच्या आतील असले तरी त्यांस हा हक्क आहे. निपुत्रिकास, जो नातलग त्याची मालमत्ता बाळगून आहे किंवा वारसाने घेणार आहे, त्याच्याकडून मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपण ज्यांस एस.डी.एम. म्हणतो त्यांच्या, न्यायाधिकरणाकडे करावयाचा. वृद्धास स्वतः जाणे शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. वकिलाची सक्ती नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कलम आहे. मूळ कायद्यात निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. वृद्धास टाकून देणारास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

घराच्या कागदाविषयी विशेष सावध राहावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाराने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. मात्र अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. मध्यप्रदेशातील छत्तरपूरच्या एका मातेने २०१९ साली मुलास मालमत्ता दानपत्राने दिली होती. आईचा सांभाळ करण्याचे त्या वेळच्या कागदांत लिहिलेले होते. मुलाने शब्द पाळला नाही. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दानपत्र रद्द ठरवून मालमत्तेचा ताबा आईस परत देवविला. यावरून आमची विनंती अशी की, हयातीत घर मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये. मृत्युपत्र केले तर ते मरेपर्यंत बदलता येते. दानपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्यातच स्पष्ट लिहून घ्यावी. यात मुलांवर अविश्वास नाही. चांगल्या मुलास अशा अटीची अडचण वाटण्याचे कारण नाही.

७. आपण काय करावे

कायदा शेवटचा उपाय होय. त्याआधी पुष्कळ करण्यासारखे आहे.

वृद्धांस एकटे गाठून विचारावे. मुलगा-सून समोर असताना ‘कसे आहात?’ या प्रश्नाचे उत्तर ‘बरे आहे’ असेच येणार. एकाएकी वाळत जाणे, मळके कपडे, अंगावरील न सांगता येणारे वळ, घरचे माणूस येताच बोलणे थांबणे, नेहमीच्या आरतीस येणे बंद होणे, ही चिन्हे दिसली तर सहज म्हणून घरी जाऊन यावे. मात्र तेथे जाऊन घरच्या मंडळींस चारचौघांत फटकारू नये. त्याचा राग रात्री त्या म्हाताऱ्या माणसावरच निघतो. जिवास धोका दिसला तर मात्र थांबू नये, पोलिसांस कळवावे. वृद्धांसाठी सरकारने १४५६७ हा विनामूल्य टेलिफोन क्रमांक ठेवला आहे. तो घरातील प्रत्येक म्हाताऱ्या माणसास पाठ असावा.

सेवा करणाराचीही विचारपूस करावी. अंथरुणात पडलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची शुश्रूषा रात्रंदिवस एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडली की चांगल्या स्वभावाचे माणूसही कावते. तोच प्रश्न विसाव्यांदा विचारणारा सासरा मुद्दाम त्रास देत नाही, हा मेंदूचा रोग आहे, हे तिला डॉक्टरकडून समजावे. आठवड्यातून दोन तास शेजारची कोणी बसली, दिराने महिन्यातून चार दिवस आईस आपल्याकडे नेले, तर पुष्कळ घरांतील कठोर शब्द आपोआप कमी होतील. फराळाचे डबे आणि शाली वाटण्यापेक्षा ही सेवा आम्हांस अधिक मोलाची वाटते.

आणि घरच्या कर्त्याने युधिष्ठिराची चूक करू नये. त्याने सर्व दिले, आज्ञाही दिल्या. जवळ बसून विचारण्याचे तेवढे राहून गेले. आपण पैसे पाठवितो, औषधे आणतो, म्हणजे आपले कर्तव्य झाले असे समजून आपल्या माघारी घरात काय बोलले जाते याकडे पाहत नाही. ती विचारपूस त्याने रोज करावी.

पुंडलिकाची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण त्याने आधी आईबापांचा छळ केला होता, हा कथेचा पूर्वार्ध आपण मुलांस फारसा सांगत नाही. तो अवश्य सांगावा. पुंडलिक सुधारला आणि देवास विटेवर थांबावे लागले, तसा मार्ग प्रत्येक घरास मोकळा आहे. धृतराष्ट्राच्या बाबतीत मात्र कळले तेव्हा उशीर झाला होता. युधिष्ठिराने विनवण्या केल्या. तो राहिला नाही. कार्तिकातील पौर्णिमेस तो वनाकडे निघाला, आणि पुढे तेथील वणव्यातच त्याचा अंत झाला.

घरी बसून विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाने काल काय खाल्ले? हे आपणांस न विचारता सांगता येईल काय?
२. त्यांच्या पेन्शनचे किंवा बँकेचे कागद कोणाजवळ आहेत? ते तेथे त्यांच्या इच्छेने आहेत काय?
३. गेल्या महिन्यात घरातील कोणता निर्णय त्यांस विचारून घेतला?
४. त्यांची सेवा प्रत्यक्ष कोण करते, आणि त्या व्यक्तीस विश्रांती कधी मिळते?
५. आरतीस नेहमी येणारे कोणी वृद्ध अलीकडे दिसत नाहीत काय? त्यांच्याकडे कोण जाऊन येणार?

॥ शुभं भवतु ॥